स्मार्ट खांबांची जागानिवड
रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांपैकी नेमक्या कुठल्या खांबांवर सीसीटीव्ही, वायफाय, हवेचे सेन्सर, फाइव्ह-जीचे छोटे अँटेना बसवले म्हणजे कमी पैशात जास्त भाग कव्हर होईल, हे ठरवायचं गणित.

या गणिताचं मूळ कुठं धरायचं यावर एकमत नाही. काहीजण सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाच्या त्रिकोणाच्या कोड्यापर्यंत (तीन कोपऱ्यांपासूनच्या अंतरांची बेरीज सर्वांत कमी होईल असा बिंदू शोधा) मागे जातात, अर्थशास्त्रवाले कारखान्याची जागा ठरवणाऱ्या आल्फ्रेड वेबरच्या १९०९ च्या मांडणीकडे बोट दाखवतात. पण या दोन्हींत बिंदू मोकळ्या जागेत कुठंही घेता येतो आणि खांब तर आहे तिथंच असतो, त्यामुळे हकीमी या संशोधकाचे १९६४-६५ चे लेख जास्त जवळचे वाटतात, त्यात टेलिफोन एक्सचेंज आणि हायवेवरचे पोलीस तारांच्या किंवा रस्त्यांच्या जाळ्यावर कुठं ठेवायचे हा प्रश्न आहे. सगळा भाग कव्हर करून केंद्रं (सेवेची ठिकाणं, आपल्याकडे खांब) कमीत कमी ठेवायची, हे रूप टोरेगास आणि सहकाऱ्यांनी १९७१ ला दिलं. १९७४ ला चर्च आणि रेव्हेल या संशोधकांनी ते उलटं केलं, म्हणजे केंद्रांची संख्या आधीच ठरलेली, त्यात जास्तीत जास्त लोक कव्हर करा. महापालिकेचं बजेट आधी ठरतं, म्हणून आपल्याकडे हेच रूप धरणं बरं.

खांब हजारोंनी असले की अचूक उत्तर काढणं फार जड जातं, मग दर वेळी सगळ्यात जास्त नवा भाग कव्हर करणारा खांब उचलत जायचं. सगळ्या खांबांचा खर्च सारखा असेल तर या पद्धतीने सर्वोत्तम कव्हरेजच्या निदान ६३ टक्के तरी मिळतंच, हे १९७८ पासून सिद्ध आहे.

प्रत्यक्षात मात्र खर्च सारखा नसतो. ऑगस्ट २०२२ च्या नियमबदलानंतर टेलिकॉमच्या उपकरणासाठी शहरातल्या खांबाचं भाडं वर्षाला ३०० रुपये झालं, म्हणजे भाडं किरकोळच, खरा पैसा जातो खोदाई, फायबर आणि वीज यांत. दिव्यांची लाइन बहुतेक ठिकाणी फीडर पिलरमधून (रस्त्याकडेच्या वीज वाटणाऱ्या पेटीतून) फक्त रात्रीच चालू होते, कॅमेऱ्याला तर चोवीस तास वीज हवी, मग वेगळी केबल टाका नाहीतर बॅटरी लावा. एकदा केबल आलीच तर त्याच खांबावर चार सेवा बसवाव्यात, प्रत्येक खात्याने आपापला खांब निवडला की तोच फुटपाथ पुन्हा पुन्हा खोदला जातो.

नवी मुंबईत वाशी-बेलापूरच्या पामबीच रोडला खांब ओळीत असल्यामुळे हिशोब सोपा, पण खाडीकडच्या बाजूला कांदळवन आहे, तिकडे गेलेलं वायफाय वाया, म्हणून चहूकडे पसरणाऱ्या वर्तुळाऐवजी एका दिशेचा अँटेना धरूनच मोजावं. ठाण्यात घोडबंदर रोडला मेट्रो ४ चे पिलर कॅमेऱ्याची नजर अडवतात, तिथे जुन्या नकाशावर भागत नाही. नौपाड्याच्या गल्ल्यांत अडचण झाडांची, उन्हाळ्यात मोकळा दिसणारा खांब पावसाळ्यात पानांआड जातो, तेव्हा सर्व्हे पाऊस संपता संपता, पानं दाट असतानाच करावा.