गिल्बर्ट हिल: साष्टी बेटावरचा उभा कातळ

मुंबईची सात बेटं सगळ्यांना ठाऊक असतात, पण गिल्बर्ट हिल जिथे आहे ती अंधेरी त्या सातांत कधीच नव्हती. ती साष्टी बेटाची. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची खाडी आणि पश्चिमेला समुद्र, असं हे बेट १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेलं, १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकलं आणि १७७४ मध्ये इंग्रजांच्या हाती लागलं. माहीमचा कॉजवे १८४५ मध्ये झाला, तेव्हा मुंबई आणि साष्टी पश्चिमेकडून रस्त्यानं जोडली गेली. अंधेरी मुंबईच्या हद्दीत आली ती थेट १९५० साली. वाढत्या शहराच्या वेशीबाहेर, पण गाडीच्या टप्प्यात असलेल्या या टेकड्यांकडे त्यामुळे बराच काळ दगडाचा साठा म्हणूनच पाहिलं गेलं. गिल्बर्ट हिल आज अशी सुळक्यासारखी का उभी आहे, हे समजायला तिच्या भूगर्भाइतकाच हा इतिहासही लागतो.

टेकडीची उंची सुमारे २०० फूट, म्हणजे ६१ मीटर. खडक काळा बेसाल्ट. सह्याद्रीतही बेसाल्टच आहे, पण तिथे लाव्हाचे थर एकावर एक जवळजवळ आडवे पसरलेले दिसतात. इथे अखंड कातळ उभ्या स्तंभांत चिरलेला आहे. अभ्यासक त्याला अंतर्वेशी खडक मानतात, म्हणजे जमिनीवर वाहिलेला लाव्हा नव्हे, तर आधीच्या खडकांत घुसून तिथंच थिजलेला शिलारस.

शिलारस घट्ट होताना आकसतो आणि आकसताना तडकतो. तडे थंड होणाऱ्या पृष्ठभागाला काटकोनात आत शिरतात. ताण सगळीकडे सारखा सुटावा म्हणून ते एकमेकांना साधारण १२० अंशांत मिळतात, त्यातून पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात. थंडावणं जितकं संथ, तितका खांब जाड. तडाही एका झटक्यात खालपर्यंत जात नाही. थोडा पुढे सरकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. ताज्या उघड्या पडलेल्या स्तंभाच्या बाजूवर आडवे पट्टे दिसतात, ते या थांब्यांच्या खुणा. नीट जपल्या गेलेल्या स्तंभावर तळहात वरून खाली फिरवला तर त्या जाणवतात.

गिल्बर्ट हिल ही ज्वालामुखीची नळी होती, असं बरेचदा सांगितलं जातं. ते मला पटत नाही. उभ्या नळीत शिलारस थिजला असता तर निदान कडेचे खांब आडवे किंवा तिरपे पडले असते, कारण थंडावा बाजूच्या भिंतींकडून आला असता. उभे खांब सांगतात की थंडावा मुख्यतः वरून आणि खालून आला.

वयाबद्दलचा गोंधळ याहून मोठा. लेखांमध्ये आणि बातम्यांमध्ये ६ कोटी ६० लाख वर्षं हा आकडा सर्रास असतो. तो सह्याद्रीतल्या मुख्य उद्रेकांचा काळ. हेतू शेठ, कांचन पांडे आणि रजनीश भुतानी या भूवैज्ञानिकांनी गिल्बर्ट हिलच्याच खडकाचं वय आर्गॉन-आर्गॉन पद्धतीनं (खडकातल्या आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून) काढलं आणि २००१ मध्ये प्रसिद्ध केलं. ते भरलं ६ कोटी ५ लाख वर्षं, १२ लाख इकडे-तिकडे. म्हणजे घाटांमधले मोठे उद्रेक ओसरल्यावर कित्येक लाख वर्षांनी हा शिलारस वर आला. मुंबईचा भूगर्भ घाटापेक्षा वेगळा आहे, याचा हा ठोस पुरावा. वरळीला उद्रेकांच्या मधल्या गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले, मालाडला ट्रॅकाइट हा फिकट पिवळसर ज्वालामुखी खडक मिळतो, आणि इथले थर पश्चिमेला, समुद्राकडे कललेले आहेत. अशा कललेल्या, मिसळीच्या प्रदेशात ही टेकडी उभी आहे.

‘जगात असे तीनच खडक, बाकीचे दोन अमेरिकेत’ हे वाक्यही आता सोडून द्यायला हवं. वायोमिंगचा डेव्हिल्स टॉवर (१९०६ मध्ये जाहीर झालेलं अमेरिकेचं पहिलं राष्ट्रीय स्मारक) आणि कॅलिफोर्नियाचा डेव्हिल्स पोस्टपाइल यांच्याशी तुलना ठीक आहे. पण स्तंभाकृती खडक आयर्लंडच्या किनाऱ्यावर आहेत, कोल्हापूर जिल्ह्यात बांदिवड्याला आहेत, यवतमाळ जिल्ह्यात शिबल्याला आहेत. गिल्बर्ट हिलचं मोल दुर्मीळतेच्या दाव्यावर अवलंबून नाही. एवढे उंच स्तंभ भर वस्तीत शिल्लक आहेत, हेच पुरेसं आहे.

शिल्लक हा शब्द इथे मोजून वापरला आहे. आजचा ताठ कडा पूर्णपणे निसर्गाचा नाही. टेकडी पूर्वी पसरट आणि मोठी होती, भोवतालचा भाग खाणींनी खाल्ला. स्तंभाकृती कातळ खाणवाल्याला सोयीचा, कारण तडे तयारच असतात. पहारीनं किंवा थोड्या सुरुंगानं खांब सुटतो, आडव्या तड्यांवर त्याचे तुकडे पडतात, पुढे खडी करायला मेहनत कमी. जिथे खाण थांबली तिथे उभ्या सांध्यांवरच, म्हणजे या तड्यांवरच, भिंत राहिली, म्हणून ती इतकी सरळ आहे. याच तड्यांमुळे इथे लेणी मात्र खोदता आली नसती, असं वाटतं. साष्टीतली कान्हेरी आणि जोगेश्वरीची लेणी ज्वालामुखीच्या राखेनं-तुकड्यांनी बनलेल्या, एकसंध आणि छिन्नीला मऊ खडकात आहेत. गिल्बर्ट हिलला छत कोरायला गेलं तर खांबच निसटायचे.

संरक्षण उशिरा आलं. मुंबईचे वारसा नियम १९९५ चे, त्यांखाली महापालिकेनं टेकडीला दुसऱ्या श्रेणीचा वारसा दर्जा दिला तो २००७ मध्ये, भूवैज्ञानिकांच्या पाठपुराव्यानंतर. तोवर पायथ्यापर्यंत वस्ती आणि इमारती आल्या होत्या. वारसा यादीत जुन्या इमारतींच्या रांगेत एक कातळ बसवला खरा, पण इमारतीची डागडुजी करता येते, कातळाची नाही. खाणीनं बाजूचा आधार काढला की बाहेरचे खांब मोकळे होतात. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, ते पाणी सांध्यांत उतरतं, आतली माती फुगते, पिंपळ-वडाची मुळं फट रुंद करतात आणि खांब हळूहळू बाहेर कलतो. पायथ्याशी खोदकाम किंवा हादरे देणारं बांधकाम होऊ न देणं, ही इथली खरी देखभाल.

माथ्यावर गावदेवी आणि दुर्गामाता यांची मंदिरं आहेत. वर जायचा मार्ग कातळातच कोरलेल्या पायऱ्यांचा, आणि खाणींच्या काळातही माथा जिवंत राहिला त्यात या वाटेचा वाटा मोठा, असं माझं मत आहे. अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेकडून रिक्षा मिळते. मेट्रोनं आल्यास आझादनगर किंवा डी. एन. नगर ही स्टेशनं सोयीची. ‘गिल्बर्ट हिल, गावदेवी मंदिर’ असं विचारावं. चढ छोटा पण उभा आहे. न थांबता पंधरा मिनिटं पुरतात, पायऱ्या कमी-जास्त उंचीच्या असल्यानं उतरताना घाई नको. वर देवस्थान आहे, चपला काढण्याच्या जागी काढाव्यात.

एक चूक बहुतेक जण करतात: थेट माथा गाठतात आणि परततात. माथ्यावरून शहर दिसतं, स्तंभ दिसत नाहीत. ते पाहायला चढण्याआधी पायथ्याच्या गल्ल्यांतून टेकडीला जमेल तेवढा वळसा घालावा आणि थोडं लांब उभं राहून बघावं. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन कड्यावर आलं की सांध्यांच्या सावल्या पडतात आणि खांब एकेक मोजता येतात. दुपारी सगळा कडा सपाट काळा दिसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसात पायऱ्यांवर शेवाळं धरतं आणि कड्यावरून दगड सुटू शकतो, तेव्हा जून ते सप्टेंबरमध्ये कड्याच्या अगदी खाली उभं राहू नये. नमुना म्हणून तुकडा काढू नये; तशी गरज वाटली तर खाली आधीच पडलेला दगड पाहावा, त्याचा ताजा फुटलेला भाग बाहेरच्या तांबूस सालीपेक्षा गडद, जवळजवळ निळसर काळा असतो.