भूक्षेत्र (विकास निर्देशक)

देशाच्या एकूण क्षेत्रफळातून नद्या, तलाव, धरणे अशा अंतर्गत जलाशयांखालचे क्षेत्र वजा केल्यावर जी जमीन उरते, ती म्हणजे भूक्षेत्र. समुद्राखालच्या भूखंडमंचावरचा देशाचा दावा आणि अनन्य आर्थिक क्षेत्र (किनाऱ्यापलीकडचा, साधनसंपत्तीवर देशाचा हक्क असलेला समुद्रपट्टा) त्यात धरत नाहीत. जागतिक बँकेच्या विकास निर्देशकांत या आकड्यांची मालिका १९६१ पासून मिळते. मूळ आकडे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे असतात. ‘भूक्षेत्र’ आणि पाण्यासकटचे ‘एकूण क्षेत्र’ हे बँकेचे दोन वेगळे निर्देशक आहेत. सर्वाधिक घोळ या दोघांच्या अदलाबदलीतून होतो.

मोठ्या भूक्षेत्रामुळे देश विकसित ठरत नाही. या आकड्याचे खरे काम छेदाचे आहे. लोकसंख्येची घनता, वनाच्छादनाची टक्केवारी, लागवडीखालील जमिनीचे प्रमाण, पाच मीटरपेक्षा कमी उंचीवरच्या जमिनीचा वाटा, या सगळ्यांत तो खाली बसलेला असतो. अंश कितीही काटेकोर मोजला तरी छेद बदलला की उत्तर बदलते.

भारताचेच पाहा. अधिकृत भौगोलिक क्षेत्र ३२,८७,२६३ चौ. किमी, जागतिक बँकेच्या मालिकेतले भूक्षेत्र २९,७३,१९० चौ. किमी. २०११ च्या जनगणनेने घनता काढताना पाकिस्तान व चीनच्या ताब्यातले १,२०,८४९ चौ. किमी क्षेत्र वगळले, पण पाणी वगळले नाही. म्हणून तिची घनता दर चौ. किमीला ३८२ आली. तीच १२१ कोटींची लोकसंख्या पूर्ण भौगोलिक क्षेत्राने भागली तर ३६८ येते आणि भूक्षेत्राने भागली तर ४०७. माणूस एकही वाढला नाही, तरी तीन उत्तरे. आणि आपापल्या व्याख्येत तिन्ही बरोबर. बांगलादेशात हा फरक आणखी बोचतो, कारण तिथे एकूण क्षेत्र सुमारे १ लाख ४८ हजार आणि भूक्षेत्र १ लाख ३० हजार चौ. किमी आहे.

वनांचेही तसेच. २०२१ च्या वनस्थिती अहवालात देशाचे वनाच्छादन ७,१३,७८९ चौ. किमी, म्हणजे भौगोलिक क्षेत्राच्या २१.७१ टक्के दिले आहे. याच वनाला भूक्षेत्राने भागले तर २४ टक्के होतात. शाश्वत विकास ध्येयांतील १५.१.१ हा निर्देशक भूक्षेत्रच छेद मानतो. त्यामुळे आपल्या अहवालातली टक्केवारी दुसऱ्या देशाच्या आंतरराष्ट्रीय टक्केवारीशेजारी ठेवून निष्कर्ष काढणे चूक आहे. वनाची व्याख्या जुळते का, हाही प्रश्न उरतोच: भारतीय सर्वेक्षण किमान एक हेक्टरचा तुकडा मोजते, तर अन्न व कृषी संघटना अर्ध्या हेक्टरचा.

क्रमवारीही उलटते. एकूण क्षेत्रात कॅनडा जगात दुसरा, पण त्याच्या हद्दीत सुमारे ८ लाख ९० हजार चौ. किमी गोडे पाणी असल्याने भूक्षेत्रात तो चीन आणि अमेरिकेच्याही मागे जातो. अमेरिकेचे एकूण क्षेत्र सुमारे ९८.३ लाख चौ. किमी सांगतात, त्यात पंचमहासरोवरांचा तिचा वाटा आणि किनाऱ्यालगतचे पाणीही आहे. निव्वळ जमीन सुमारे ९१.५ लाख. चीनची जमीन त्याहून जास्त भरते.

प्रत्यक्ष मोजणी करताना आधी हद्द ठरवावी लागते: वादग्रस्त प्रदेश कोणाकडे धरायचा, बेटे कोणती, किनारा भरतीच्या रेषेवर की ओहोटीच्या. मग ती हद्द समक्षेत्र प्रक्षेपणात (क्षेत्रफळाचे प्रमाण न बिघडवणाऱ्या नकाशापद्धतीत) आणून, किंवा थेट लंबगोलाकार पृथ्वीवर, क्षेत्रफळ काढतात. नवशिके हमखास इथे फसतात. संकेतस्थळांवरचे नकाशे बहुतेक मर्केटर पद्धतीचे असतात आणि त्यात विषुववृत्तापासून दूर जावे तसे क्षेत्र फुगते: पैठणच्या अक्षांशावर सुमारे साडेबारा टक्के, ६० अंशांवर चौपट. किनाऱ्याची लांबी मात्र वेगळी गोष्ट आहे. बारीक मापाने प्रत्येक खाडीचे वळण मोजल्यावर भारताचा किनारा ७,५१६ वरून ११,०९८ किमीवर गेला. क्षेत्रफळ तसे वाढत नाही, कारण आत आलेले आणि बाहेर गेलेले तुकडे बरेचसे एकमेकांना फेडतात.

सगळ्यात अवघड भाग पाणी वजा करण्याचा. जायकवाडीचा नाथसागर पूर्ण भरला की सुमारे ३५० चौ. किमी पसरतो. उन्हाळ्याकडे पाणी ओसरते, गाळपेर जमीन उघडी पडते आणि तिथे पिके उभी राहतात. ही जमीन की जलाशय? ऑक्टोबरच्या उपग्रहचित्रावरून मोजले तर पाणी, मे महिन्याच्या चित्रावरून मोजले तर शेत. म्हणून एकाच चित्रावर विसंबू नये. अनेक वर्षांची चित्रे घेऊन पाणी वर्षातला बहुतेक काळ कुठे टिकते ते पाहावे आणि किती काळ पाणी टिकले तर जलाशय मानायचे, ती निवडलेली मर्यादा आकड्याशेजारी लिहावी. ती न लिहिलेला आकडा पुढच्या माणसाच्या उपयोगाचा नाही.

भूक्षेत्र स्थिर असते हा समजही तपासून घ्यावा. सिंगापूरने समुद्रात भराव घालून १९६० च्या सुमाराचे ५८१ चौ. किमी आज ७३० च्या वर नेले. नेदरलँड्सचा फ्लेव्होलँड प्रांत समुद्राच्या उपसागराला बांध घालून उपसलेल्या जमिनीवर उभा आहे. १९६० मध्ये सुमारे ६८,००० चौ. किमी असलेला अरल समुद्र, त्याला मिळणाऱ्या नद्यांचे पाणी कापसाच्या सिंचनाकडे वळवल्याने आटला. पाण्याखालचा तळ उघडा पडला, पण ती खारट धूळ उडवणारी जमीन आहे. भूक्षेत्राच्या आकड्याला जमिनीचा कस कळत नाही. ग्रीनलंडच्या बाबतीत उलटी गोष्ट दिसते: बेट सुमारे २१.७ लाख चौ. किमीचे, पण मालिकेत त्याचे भूक्षेत्र अवघे ४,१०,४५० आहे, कारण बर्फाखालचा भाग त्यात धरलेला नाही.

मालिकेत अचानक उडी दिसली तर आधी राजकीय नकाशा पाहावा. १९९३ मध्ये इरिट्रिया वेगळा झाला आणि इथिओपियाचा आकडा उतरला. जुलै २०११ मध्ये दक्षिण सुदान स्वतंत्र झाल्यावर सुदानचे क्षेत्र सुमारे पाव हिश्श्याने घटले. अशा देशांच्या घनतेचा किंवा वनटक्केवारीचा सलग आलेख काढू नये. तुटीच्या जागी रेघ तोडावी. वनांच्या निर्देशकात याच कारणाने सर्व वर्षांसाठी २०१५ चे भूक्षेत्र छेद म्हणून कायम ठेवतात, म्हणजे टक्केवारीतला बदल वनातलाच असतो.

एककाकडेही लक्ष हवे. अन्न व कृषी संघटना क्षेत्र हजार हेक्टरमध्ये देते, जागतिक बँक चौ. किमीमध्ये, एक हजार हेक्टर म्हणजे १० चौ. किमी. संघटनेच्या तक्त्यात भारतासमोर २,९७,३१९ दिसले की त्याला दहाने गुणायचे.