गव्हाचा तांबेरा: नुसती बाटली बदलून भागत नाही

मुंबईच्या दमट हवेत गजकर्ण झालं की क्लोट्रिमॅझोलचं मलम घरात येतं. हे औषध बुरशीला पेशीपटलासाठी लागणारं अर्गोस्टेरॉल बनवू देत नाही. आपल्या पोळीच्या गव्हावर तांबेरा या बुरशीच्या रोगासाठी फवारतात ते प्रोपिकोनॅझोलही नेमकं हेच करतं. दोघंही अझोल कुळातली.

तांबेऱ्याच्या एका फोडातून हजारो बीजाणू उडतात. त्यांतल्या एखाद्याच्या जनुकात औषधाला दाद न देणारा बदल आधीच झालेला असतो. फवारणी तो बदल घडवत नाही, बाकीच्यांना मारून त्याला रान मोकळं करून देते. अझोलहून वेगळा असा अझॉक्सिस्ट्रोबिनचा बुरशीनाशक गट 1996 मध्ये युरोपात गव्हासाठी आला आणि 1998 मध्येच उत्तर जर्मनीत गव्हाच्या भुरी या दुसऱ्या बुरशीवर तो निकामी ठरू लागला. हा गट बुरशीच्या ज्या प्रथिनावर घाव घालतो, त्या सायटोक्रोम-बीमध्ये 143व्या जागी ग्लायसिनऐवजी अ‍ॅलानिन आलं, एवढंच कारण. तांबेऱ्याला मात्र ही वाट बंद आहे. त्याच्या जनुकात या जागेला लागूनच एक इंट्रॉन, म्हणजे प्रथिन बनण्याआधी कापून टाकावा लागणारा तुकडा, आहे. तिथे बदल झाला तर तो इंट्रॉन नीट कापला जात नाही, प्रथिन बनत नाही आणि बुरशी जगत नाही. अझोलच्या बाबतीत अशी सवलत नाही. तिथे औषधाचा असर हळूहळू घटतो, म्हणून लवकर लक्षातही येत नाही.

प्रोपिकोनॅझोलनंतर टेब्युकोनॅझोल मारणं म्हणजे औषध बदलणं नव्हे. नावं दोन, गट एकच. पहिले फोड दिसताच प्रोपिकोनॅझोल 25 ईसी (25 टक्के औषध असलेलं, पाण्यात मिसळायचं द्रावण) लीटरला 1 मिली, हेक्टरी 500 लीटर पाण्यातून फवारावं. पंधरा दिवसांनी गरज पडलीच, तर अझॉक्सिस्ट्रोबिन आणि टेब्युकोनॅझोलचं तयार मिश्रण लेबलवरच्या मात्रेत घ्यावं. अझॉक्सिस्ट्रोबिन एकटं कधीच नको. मँकोझेब हे आणखी एक बुरशीनाशक बुरशीवर अनेक ठिकाणी घाव घालतं, त्यामुळे त्याला प्रतिकार जमणं कठीण. पण ते पानात शिरत नाही, लागण होण्याआधीच उपयोगी पडतं. जास्त मात्रेने प्रतिकारक बुरशीची निवड वाढते, कमी मात्रेने रोग उरतो आणि आणखी एक फवारणी माथी बसते. खरा फायदा फवारण्या कमी करण्यात आहे: वेळेवर पेरणी आणि एमएसीएस 6222 किंवा त्र्यंबकसारखा तांबेऱ्याला दाद न देणारा वाण.

औषध चाललं नाही म्हणून लगेच प्रतिकाराला दोष देऊ नये. बहुतेकदा फवारणी उशिरा झालेली असते, फवारणीचं पाणी कमी पडलेलं असतं किंवा खालची पानं कोरडी राहिलेली असतात. हे सगळं नीट होऊनही फोड वाढत असतील, तर ती पानं कागदी पाकिटात घालून कृषी विद्यापीठाच्या वनस्पतिरोग विभागाकडे न्यावीत. प्लास्टिकच्या पिशवीत ती घामेजून कुजतात.