वस्तादाच्या आठवणी आणि वस्तादाचा अनुभव

पोराला तालमीत घालायचं ठरलं की कोल्हापुरात पहिला प्रश्न असतो, "वस्ताद कोण हाय?" आणि लगेच दुसरा, "त्यानं स्वतः काय मारलंय?" म्हणजे गदा किती, खासबागेच्या कुस्ती मैदानात कुणाला आस्मान दाखवलं. विचारण्यात गैर काही नाही. फक्त उत्तरात आपल्याला मिळतात त्या वस्तादाच्या आठवणी, आणि त्यालाच अनुभव समजून आपण घरी येतो. दोन्ही एकाच आयुष्यातून आलेलं असतं, त्यामुळे गल्लत होणारच.

मी बाराव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत तालमीत होतो. कुस्ती काही लागली नाही, कान तेवढा एक मोडला. पण दोन वस्ताद जवळून बघायला मिळाले. थोरले नावाजलेले. हौदाच्या, म्हणजे आखाड्यातल्या मातीच्या, कडेला बसले की त्यांची जुनी कुस्ती सुरू व्हायची, हलगीच्या आवाजासकट. ऐकायला बहार यायची, अजूनही आठवलं की काटा येतो. शिकवताना मात्र प्रत्येकाला एकच डाव, ढाक. का, तर त्यांनी आयुष्यभर ढाकेवर कुस्त्या मारल्या. त्यांच्या अंगकाठीला ती शोभायची. मी काडीपैलवान, पट काढण्यात, म्हणजे समोरच्याच्या पायाला हात घालण्यात, जरा चपळ. ते त्यांना दिसलंच नाही, कारण माझ्याकडे बघताना ते स्वतःलाच बघत होते.

धाकट्या वस्तादांच्या नावावर मोठी कुस्ती नव्हती. शेती करून तालीम सांभाळायचे. माझा जोडीदार एकदा आठवडाभर पन्नास बैठकांतच धापा टाकायला लागला. थोरले म्हणाले, "खुराक कमी पडतोय, बदाम वाढव." धाकट्यांनी त्याला उजेडात नेलं, हात पुढं करायला लावले. तळव्यांवर, बोटांच्या बेचक्यात बारीक बारीक चिरा. उसाचं वाडं ज्यानं कापलंय त्यालाच त्या ओळखू येतात. माझ्यासारख्या पेठेतल्या पोराला ती माती लागून झालेली खरूज वाटली असती. "म्हशींचं कोण बघतंय सध्या?" एवढंच विचारलं. बाप अंथरुणाला खिळला होता, पोरगं पहाटे तीनला उठून वैरण करून तालमीत येत होतं. दुसऱ्या दिवसापासून त्याचे सकाळचे जोर बंद, फक्त संध्याकाळी यायचं. "मीबी केलंय हे सगळं," असं वस्ताद एका शब्दानं म्हणाले नाहीत. अनुभव म्हणतात तो मला त्या दिवशी दिसला, पण नाव द्यायला वीस वर्षं गेली.

यावरून कुणी असा अर्थ काढेल की हरलेला माणूसच चांगला शिकवतो. तसं नाही. गणपतराव आंदळकर 1960 चे हिंदकेसरी, आणि मोतीबाग तालमीत त्यांनी पिढ्या घडवल्या. उलट हालअपेष्टांच्याही आठवणीच होऊन बसतात. "आम्ही उपाशी राहून खेळलो" हे रोज ऐकवणारा कोच त्या गदावाल्यापेक्षा जास्त छळतो, कारण त्याला उलट बोलायचीही सोय नसते.

फरक सगळ्यात उघडा पडतो तो मातीवरून मॅटवर जाताना. मातीतली निकाली कुस्ती पाठ लागेपर्यंत. "दमानं घे, त्याला दमव," हा सल्ला तिथं सोन्याचा. मॅटवर फ्रीस्टाईलला तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. दमानं घेत बसलात तर पंच निष्क्रिय ठरवून तीस सेकंदांची मुदत देतात, त्यात कुणालाच गुण मिळाला नाही तर समोरच्याला फुकटचा एक गुण. सल्ला तोच, माणूस तोच, आणि पोरगं हरलेलं. खाशाबा जाधव 1948 ला लंडनला गेले तेव्हा मॅट त्यांना नवीच होती, तरी सहावे आले. तिथं त्यांना शिकवलं रीस गार्डनर या अमेरिकन पैलवानानं. त्याला मॅट ठाऊक होती. 1952 ला हेलसिंकीत खाशाबांनी कांस्य आणलं.

आणि आपला कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं कांस्य. त्याच्या कोच दीपाली देशपांडे 2004 ला अथेन्स ऑलिंपिक खेळून आलेल्या, पदकाविना. मला वाटतं, ऑलिंपिकच्या रेंजवर छाती किती धडधडते हे ज्याला ठाऊक आहे तो नेमबाजाला कधी बोलू नये हे जाणतो. वस्तादाला गप्प बसता येतं का, हे गदा मोजून कळत नाही.

हे सगळं सांगणारा मीही सध्या रविवारी गल्लीतल्या पोरांचा फुटबॉलचा सराव घेतो. गेल्या रविवारी एकानं लागोपाठ तीन पेनल्टी बाहेर मारल्या. "आमच्या वेळी ना..." मी सुरू झालो, आणि पोरगं बुटाची नाडी सोडून परत बांधायला लागलं. गप्प झालो. मग विचारलं, "धावत येताना बघतोस कुठं?"

"पप्पांकडं," म्हणाला.

पप्पा गोलच्या मागं हाताची घडी घालून उभे होते. त्यांना चहाला घेऊन गेलो.