दत्तक मैदाने : अकरा महिन्यांचा करार आणि झोपाळ्याखालची वाळू

मुंबईचे तीन विकास आराखडे झाले : 1967, 1991 आणि 2018 चे. तिन्हींत मैदाने आणि उद्यानांची आरक्षणे पडली. त्यांतली किती बुडाली आणि नगररचना कायद्याच्या कलम 127 च्या खरेदी सूचनेने (पालिकेने मुदतीत जमीन घेतली नाही तर आरक्षण संपते) किती भूखंड सुटले, हा वेगळा विषय. पालिकेची मैदाने देखभालीसाठी रहिवाशांच्या संस्थांकडे ‘दत्तक’ द्यावीत का, हा जो वाद चालतो त्याचे मूळ मात्र नव्वदच्या दशकात आहे. राडारोडा आणि पार्किंग हटवून रहिवाशांनी तेव्हा मैदाने हातात घ्यायला सुरुवात केली. दक्षिण मुंबईतल्या ओव्हल मैदानासाठी तर लोक न्यायालयात गेले, आणि उजाड झालेले मैदान पुन्हा खेळते झाले.

गोंधळ झाला तो ‘दत्तक’ या शब्दाने. पालिकेकडे दोन वेगळ्या पद्धती होत्या. ‘केअरटेकर’ पद्धतीत संस्थेला भूखंडाच्या काही भागावर बांधकामाची मुभा होती. त्यातून क्लबहाऊस उभे राहिले, सभासदत्व आले, फाटकावर पहारेकरी आला. ‘दत्तक’मध्ये निव्वळ देखभाल होती : बांधकाम नाही, मालकी नाही, भाडेपट्टाही नाही. बोलण्यात मात्र दोन्हींना दत्तकच म्हटले गेले. मैदान बळकावणाऱ्यांविरुद्धचा राग रास्तच होता, पण रोज सकाळी झाडांना पाणी घालणाऱ्या रहिवाशांनाही तो सोसावा लागला. जानेवारी 2016 मध्ये पालिकेने मंजूर केलेल्या, मैदाने संस्थांकडे देण्याच्या धोरणाला राज्य सरकारने लगेच स्थगिती दिली आणि दिलेले भूखंड परत घ्यायला सांगितले. फाटके उघडी ठेवणाऱ्या संस्थांनाही किल्ल्या द्याव्या लागल्या. त्यानंतर तात्पुरती सोय म्हणून संस्थांशी देखभालीचे 11 महिन्यांचे करार आले.

हे 11 महिने मुलांना महागात पडतात. झोपाळ्याखाली वाळू टाकायची तर धुतलेली, मोठ्या कणांची हवी. मऊ थर 20 सें.मी. लागतो, आणि पायांनी उडते म्हणून वर आणखी 10 सें.मी. क्रशरची, म्हणजे यंत्राने दगड फोडून केलेली वाळू चालत नाही : तिच्यातली भुकटी पहिल्याच पावसात दगडासारखी बसते. तळाशी खडी आणि छिद्रांचा पाइप नसेल तर जुलैत खड्ड्याचे डबके होते, डास होतात, आणि तक्रारीनंतर कोणीतरी त्यावर पेव्हर ब्लॉक बसवून मोकळे होते. मूल पडते ते मग त्या ब्लॉकवर. निचऱ्याचा खर्च एकदाच आणि मोठा असतो, फायदा पुढची कित्येक वर्षे मिळतो. पुढच्या वर्षी मैदान हाती राहील की नाही हे माहीत नसलेला गट तो करत नाही, रंगरंगोटी करतो. रंगाचे फोटोही चांगले येतात.

खांबांचेही तेच. खाऱ्या हवेत लोखंडी पाइप गंजतो तो जमिनीच्या रेषेवर, जिथे पाणी साचते तिथे. काँक्रीटचा माथा जमिनीच्या थोडा वर आणि उतरता ठेवला तर खांब टिकतो. रंगाआड गंज दिसत नाही, म्हणून तिथे हातोडीने टकटक करून पाहावे : आवाज बद्द आला तर झोपाळा बंद ठेवायचा. घसरगुंडीच्या कठड्यातली फट 9 सें.मी.पेक्षा कमी हवी किंवा 23 सें.मी.हून जास्त. मधल्या मापात मुलाचे अंग जाते आणि डोके अडकते. निविदेत ‘खेळणी, 1 संच’ एवढेच लिहिले की ही मापे कोणी तपासत नाही. रोज मैदानात असणारे लोक तपासू शकतात.

2023 मध्ये पालिकेच्या दत्तक धोरणाचा नवा मसुदा आला आणि पुन्हा हरकती आल्या. क्लबहाऊसची भीती त्यांत ठळक होती, आणि ती खोटी नाही. पण बांधकामाला पूर्ण मनाई, मोफत प्रवेश आणि फाटकाच्या वेळा करारात लिहून मुदत 5 वर्षे करता येते. पावसाळ्यानंतर वाळूत पट्टी खोचून थर मोजण्याचे काम कोणाचे, हेही त्याच करारात लिहिता येते.