पाळणाघरातील चित्रपटनिवड

पाळणाघर, बालवाडी यांसारख्या ठिकाणी लहान मुलांना कोणता चित्रपट दाखवावा, किती वेळ दाखवावा आणि कोणाला दाखवू नये, हे ठरवण्याची पद्धत. येथे मुख्यतः सहा वर्षांखालील मुलांचा विचार केला आहे. घरी मूल घाबरले तर आईबाबांना बिलगते, कंटाळले तर उठून खेळायला जाते. पाळणाघरात मात्र अडीच ते सहा वर्षांची दहा-पंधरा मुले एकाच पडद्यासमोर बसलेली असतात, त्यांच्यापाशी एक-दोनच मोठी माणसे असतात आणि आपल्याला उठून जाता येते हे त्यातल्या बऱ्याच मुलांना ठाऊकही नसते. त्यामुळे चित्रपट एरवी कितीही नावाजलेला असो, खोलीतल्या सर्वांत लहान आणि सर्वांत हळव्या मुलाला तो आईवडिलांविना बघता येईल का, यावर निवड ठरते.

प्रमाणपत्र

बहुतेक देशांत चित्रपटांना वयानुसार प्रमाणपत्र मिळते आणि निवडीची सुरुवात तिथूनच होते. भारतात ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी खुला. १९८३ पासून चालत आलेल्या ‘यूए’ (लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघावा) या एकाच वर्गाचे २०२४ च्या नियमांनी ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन टप्पे केले. ब्रिटनमध्ये ‘यू’चा अर्थ साधारण चार वर्षे आणि त्यापुढे असा घेतला जातो. जर्मनीत सर्वांसाठीच्या ‘शून्य’ वर्गानंतरचा टप्पा थेट सहा वर्षांचा आहे. नेदरलँड्समधील ‘काइकवायझर’ पद्धतीत वयाच्या आकड्याबरोबर चिन्हेही असतात. भीतीसाठी तिथे आठ पायांच्या कोळ्याचे चित्र वापरतात, आणि पाळणाघराच्या दृष्टीने त्या सगळ्या चिन्हांत हेच सर्वांत कामाचे.

‘यू’ म्हणजे चित्रपटात आक्षेप घेण्याजोगे फारसे नाही, एवढेच. तो लहान मुलांसाठी काढला आहे किंवा त्यांना समजेल, असे त्यातून निघत नाही. दोन तासांचे कौटुंबिक नाट्यही ‘यू’ असू शकते. उलट ‘यूए’ किंवा इतर देशांतील ‘पीजी’ (पालकांचे मार्गदर्शन) यांत पालकांनी सोबत राहून ठरवावे अशी अपेक्षा आहे, आणि पाळणाघरात नेमके पालकच नसतात. म्हणून ‘पालकांच्या मार्गदर्शनाखाली’ असा शेरा असलेला चित्रपट या वयोगटासाठी बाद धरावा. प्रमाणपत्र ही पहिली चाळणी. पुढचे काम माणसांनीच करायचे असते.

वय आणि वेळ

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना बसून पडदा बघायला लावू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही वरची मर्यादा आहे. कमी असेल तर अधिक बरे. हा तास पूर्ण दिवसाचा आहे. मूल घरी गेल्यावरही काहीतरी बघणार, हे लक्षात घेतले तर पाळणाघराच्या वाट्याला अर्धा तासही जास्तच. नव्वद मिनिटांचा पूर्ण लांबीचा चित्रपट तर या हिशेबात बसतच नाही.

लहानग्यांना पडद्यावरून शिकणेही अवघड जाते. समोर बसलेल्या माणसाने करून दाखवलेली कृती ती जितक्या सहज उचलतात, तितकी पडद्यावर दिसलेली उचलत नाहीत, आणि हा फरक साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत टिकतो. मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लेव्हेल आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये लहान मुलांना विचारले, की टीव्हीत दिसणारे पॉपकॉर्नचे भांडे टीव्ही उलटा केल्यावर सांडेल का. तीन वर्षांच्या अनेक मुलांच्या मते सांडणार होते. ‘हे खरे नाही, नुसते चित्र आहे’ ही समजूत या वयात अर्धीकच्ची असते, आणि नेमकी तीच गृहीत धरून मोठी माणसे चित्रपट निवडतात.

कामापुरता अंदाज असा: दोन-तीन वर्षांसाठी पाच ते दहा मिनिटे, एकच पात्र, जवळजवळ कथाच नाही. तीन-चारसाठी पंधरा मिनिटांपर्यंत. चार-पाचसाठी वीस ते तीस मिनिटे, पण घटना सरळ क्रमाने घडणाऱ्या. स्वप्न आणि पूर्वीची आठवण दाखवणारे प्रसंग या मुलांना ‘आत्ता घडतेय’ असेच वाटतात. मिश्र वयाच्या गटात नेहमी धाकट्यांचा आकडा धरावा.

भीती कशाने वाटते

सर्वांत जास्त चुका इथे होतात, कारण मोठ्यांना जे भयानक वाटते आणि लहानांना जे वाटते ते वेगळे असते. या विषयावर संशोधक जोॲन कँटर यांचे काम महत्त्वाचे आहे. साधारण सात वर्षांखालील मुले पात्र चांगले की वाईट हे त्याच्या वागण्यापेक्षा दिसण्यावरून ठरवतात, असे त्यांच्या आणि सिंथिया हॉफनर यांच्या १९८५ च्या अभ्यासात दिसले. प्रेमळ पण कुरूप म्हातारी छोट्यांना दुष्टच वाटते. माणसाचे राक्षसी रूपात रूपांतर होताना तर, तो राक्षस पुढे लोकांना वाचवणार असला तरी, तीन ते पाच वर्षांची मुले मोठ्या मुलांपेक्षा जास्त घाबरतात. अणुयुद्ध किंवा बेकारीचा विषय त्यांना शिवतही नाही. मोठा आवाज, अंधार, दात विचकलेला चेहरा, अचानक कॅमेऱ्याकडे झेपावणारे काहीतरी यांनी मात्र ती हादरतात.

दुसरे मोठे कारण म्हणजे ताटातूट. ‘ॲनिमेशन म्हणजे निरुपद्रवी’ या समजुतीला आधार नाही. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात मुलांच्या ४५ गाजलेल्या ॲनिमेशनपटांची तुलना मोठ्यांच्या ९० नाट्यमय चित्रपटांशी केली होती. मुलांच्या चित्रपटांत महत्त्वाच्या पात्राच्या मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट, आणि मुख्य पात्राच्या आईवडिलांच्या मृत्यूचा सुमारे पाचपट निघाला. हे प्रसंग बहुधा चित्रपटाच्या सुरुवातीलाच येतात. नुकतेच पाळणाघरात येऊ लागलेले मूल ‘आई परत येईल ना’ याच विवंचनेत असते, आणि त्यालाच आपण आई हरवलेले पिल्लू दाखवतो. नवीन मुले रुळेपर्यंत, म्हणजे पहिले काही आठवडे, असे कथानक पूर्ण टाळावे.

शेवट गोड आहे या युक्तिवादाला या वयात फारशी किंमत नाही. छोट्या मुलाच्या लक्षात प्रसंग राहतो, कथेचा प्रवास नाही. बोधाचेही तसेच: पाऊण वेळ भांडण आणि अखेरची पाच मिनिटे मैत्री असेल, तर दुपारी खेळात भांडणच उतरते.

अनुकरण, वेग आणि उजेड

गुद्दागुद्दीपेक्षा जास्त जपावे लागते ते सहज करून बघता येणाऱ्या गोष्टींना: गळ्याभोवती दोरी किंवा ओढणी, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी, फ्रीजमध्ये किंवा पेटीत लपणे, पंख बांधून उंचावरून उडी, गोळ्या-औषधे खाऊसारखी खाणे, एकट्याने पाण्यात उतरणे. अंतराळातली लढाई कोणाला करून बघता येत नाही. कपाटात लपणे सगळ्यांना येते. घरी हे करून बघणारे एक मूल असते, इथे एकाचे पाहून दहा जण करतात.

वेगाचा परिणाम वेगळा. अँजेलिन लिलार्ड आणि जेनिफर पीटरसन यांच्या २०११ च्या प्रयोगात चार वर्षांच्या ६० मुलांपैकी ज्यांनी नऊ मिनिटे वेगवान, अद्भुत कार्टून पाहिले, त्यांची लक्ष देण्याची आणि स्वतःला आवरण्याची क्षमता लगेच घेतलेल्या चाचण्यांत, चित्रे काढत बसलेल्या मुलांपेक्षा कमी दिसली. परिणाम कायमचा आहे असे यातून ठरत नाही. पण असे काही झोपेच्या किंवा बैठ्या कामाच्या आधी लावू नये, एवढे नक्की ठरते. वेग मोजायला मधलेच एखादे मिनिट घेऊन दृश्य किती वेळा बदलते ते बोटांवर मोजावे. वीसहून जास्त वेळा बदलत असेल तर तो चित्रपट या मुलांसाठी घाईचा समजावा.

लखलखाटाचा प्रश्न थेट आरोग्याचा आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये एका कार्टून मालिकेतल्या लाल-निळ्या लुकलुकीनंतर सुमारे ६८५ जणांना, बहुतांश मुलांनाच, रुग्णालयात नेण्यात आले. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारी दृश्ये असलेला चित्रपट वगळावा, आणि एरवीही खोलीत दिवा चालू ठेवून मुलांना पडद्यापासून दूर बसवावे. थिएटरसारखा अंधार करण्याची हौस मोठ्यांची असते.

आधी बघणे

चित्रपट आधी पूर्ण बघितल्याशिवाय लावू नये, या नियमाला सूट नाही. ट्रेलर, सारांश किंवा ‘लहानपणी मला फार आवडला होता’ यांपैकी काहीही त्याची जागा घेऊ शकत नाही. आठवणीत आवडलेली गाणी राहतात. तोतऱ्या, जाड्या किंवा काळ्या माणसाची थट्टा, खलनायकाच्या चेहऱ्यावरचा व्रण हे विसरले जाते. गटात तोतरे बोलणारे मूल असेल तर तो विनोद त्याच्यावरच येऊन पडतो.

बघताना वेग वाढवू नये, कारण तणाव लांबीतूनच तयार होतो. आवाज मुलांना ऐकू येईल तेवढाच ठेवावा. संशयास्पद प्रसंग एकदा डोळे मिटून नुसता ऐकावा: पडद्यावर काही नसतानाही संगीत केवढे घाबरवते ते तेव्हाच कळते. टिपण मिनिटानुसार असावे, म्हणजे ‘१२:४० पिल्लू हरवते, १५:३० सापडते, थांबवायचे असेल तर १६:०० ला’ अशा स्वरूपात. दोन जणांनी वेगवेगळे बघून मत द्यावे, आणि त्यांतली एक व्यक्ती रोज मुलांमध्ये असणारी हवी. कोणाच्या घरी नुकताच मृत्यू झाला आहे, कोण रुग्णालयातून आले आहे, कोण कुत्र्याला घाबरते, हे तिलाच ठाऊक असते. मुलांची भाषा वेगवेगळी असेल तर संवाद नसलेले लघुपट चांगले.

‘तेवढा प्रसंग पुढे ढकलू’ हा तोडगा कागदावर सोपा, प्रत्यक्षात फसवा. पुढे ढकलताना तीच दृश्ये झरझर दिसतात, मुले ‘काय होतं ते’ विचारत राहतात आणि कथा तुटते. दोनपेक्षा जास्त ठिकाणी असे करावे लागणार असेल तर दुसरा चित्रपट घ्यावा. लांब चित्रपट तुकड्यांत दाखवताना वेळ संपली म्हणून कुठेही तोडू नये. संकट मिटल्यावरच थांबावे. अर्ध्यावर अडकलेले पिल्लू मूल रात्रभर मनात घेऊन झोपते.

घरून आणलेला किंवा वाढदिवसाला भेट आलेला चित्रपट न बघता लावण्याचा आग्रह अनेकदा होतो. ‘आम्ही आधी बघू आणि मग सांगू’ हे उत्तर ठरलेले असावे.

पालकांना विचारणे

वर्षाच्या सुरुवातीला घेतलेली सरसकट संमती पुरेशी नाही. चित्रपटाचे नाव, लांबी, प्रमाणपत्र, दाखवण्याचे कारण आणि पर्यायी उपक्रम एवढे लिहून काही दिवस आधी कळवावे. पर्याय खरा हवा: दुसरी जागा, दुसरे माणूस, करण्याजोगे काहीतरी. कोपऱ्यात पाठ करून बसवणे म्हणजे नकाराची शिक्षा होते. कारणही प्रामाणिक असावे. माणसे कमी आहेत म्हणून पडदा लावला जात असेल, तर तो प्रश्न चित्रपटनिवडीने सुटणार नाही.

दाखवताना

जाहिराती आणि ट्रेलर आधीच ओलांडून चित्रपट सुरुवातीला आणून ठेवावा, पुढचे आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी. मोठ्या माणसाने मागे उभे न राहता मुलांमध्ये, धाकट्यांजवळ, रिमोट हातात घेऊन बसावे. जेवताना किंवा खाऊच्या वेळी पडदा नको. उठून जाता येते हे आधी सांगावे आणि जाण्यासारखी खेळाची जागा मोकळी ठेवावी.

भीती रडण्याआधीच दिसते. बरीच मुले डोळ्यांआधी कान झाकतात. एखादे एकदम गप्प होते, अंगठा तोंडात जातो, मागे सरकते, उगाच जोरात हसते किंवा पुन्हापुन्हा शूला जायचे म्हणते. अशा वेळी ‘ते खोटे आहे’ हे समजावणे या वयात फारसे चालत नाही. जवळ घेणे, हातात आवडते खेळणे देणे, पाणी पाजणे जास्त उपयोगी पडते. थांबवायचे तर राक्षसाचा चेहरा पडद्यावर गोठलेला राहणार नाही असे थांबवावे. घरी न्यायला आलेल्या पालकांना त्याच दिवशी सांगावे, म्हणजे रात्री मूल दचकून उठले तर त्यांना कारण माहीत असते.

हक्क आणि नोंद

घरच्या स्ट्रीमिंग खात्याच्या अटी बहुधा फक्त खासगी वापरापुरत्या असतात. पाळणाघरातला चित्रपटाचा खेळ अनेक देशांच्या कायद्यांत सार्वजनिक प्रदर्शन ठरू शकतो आणि त्यासाठी वेगळा परवाना किंवा हक्कधारकाची परवानगी लागते. अमेरिकेतील कायद्यात वर्गात समोरासमोर शिकवताना दाखवण्याची मुभा आहे, पण ती ना-नफा शिक्षणसंस्थांना आणि अध्यापनापुरती, विरंगुळ्यासाठी नाही.

दाखवलेल्या प्रत्येक चित्रपटाची नोंद ठेवावी: तारीख, गटाचे वय, किती मिनिटे, कुठे थांबवले, कोण कशाला घाबरले. एका गटासाठी मान्य झालेला चित्रपट पुढच्या गटासाठी आपोआप मान्य ठरत नाही. नवी मुले आली, की यादी पुन्हा तपासावी.