रागमाला चित्रे

राग व त्यांच्या पत्नी मानलेल्या रागिणी यांना देवतांचे किंवा नायक-नायिकांचे रूप देणाऱ्या लघुचित्रांची मालिका. सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकांत राजस्थान, माळवा, दख्खन व पहाडी प्रदेशात ती विशेष बहरली. सहा राग व प्रत्येकी पाच रागिण्या अशी ३६ चित्रांची मांडणी अधिक रूढ आहे; मेषकर्णाच्या ग्रंथाला (१५७०) अनुसरणाऱ्या पहाडी मालिकांत प्रत्येक रागाचे आठ पुत्रही येत असल्याने ही संख्या ८४ वर जाते.

चितारी गायकीवर नव्हे, तर रागाचे रूप वर्णन करणाऱ्या ध्यानश्लोकांवर विसंबत. तोडी वीणा घेऊन हरिणांमध्ये उभी असते, आसावरीभोवती सर्प असतात, धनाश्री दूरस्थ प्रियकराचे चित्र काढते, तर ललितमध्ये नायक पहाटे निघून जातो. काव्यशास्त्रातील प्रोषितभर्तृका (पती परगावी असलेली) व खंडिता (प्रियकराच्या प्रतारणेने दुखावलेली) या नायिकाच येथे रागिण्या होऊन येतात. चित्रांवरून तत्कालीन रागांचे स्वर ताडण्याचे प्रयत्न म्हणूनच फारसे ग्राह्य वाटत नाहीत.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातील कल्पसूत्र या जैन ग्रंथाच्या एका गुजराती पोथीच्या समासांत राग आढळतात, परंतु ते देवतारूपात; तेथे शृंगार नाही. वाराणसीजवळील चुनार येथील मालिकेवर १५९१ साल नोंदलेले आहे, तर मेवाडमधील चावंड येथे निसारदी (नासिरुद्दीन) याने १६०५ मध्ये मालिका रंगविली.

सर्वाधिक मतभेद आहेत ते दख्खनी रागमालेविषयी. हिंडोल, गौरी इत्यादींची ही चित्रे साधारणतः १५८० ते १५९५ या काळातील मानतात. ती पुढे बिकानेरच्या राजसंग्रहात गेल्याने मूळ दरबाराचा थेट पुरावा उरला नाही. काही अभ्यासक त्यांचे श्रेय विजापूरला देतात. तथापि स्त्रियांची आखूड चोळी व लांब वेणी यांचे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातील ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ या निजामशाही हस्तलिखिताच्या चित्रांशी असलेले साम्य पाहता अहमदनगर किंवा त्याच्या आसपासचा उत्तर दख्खन अधिक संभवनीय दिसतो. चित्रांवरील संस्कृत मजकुरावरून आश्रयदाता हिंदू सरदार असावा, असेही सुचविले गेले आहे, मात्र केवळ भाषेवरून तसे ठरविणे घाईचे होईल.

नागपूरकर भोसल्यांच्या काळातील सचित्र पोथ्या व वाड्यांतील भित्तिचित्रे यांत पौराणिक विषय ठळक असल्याने या परंपरेशी त्यांचा थेट दुवा जोडणे धाडसाचे ठरेल. नागपुरातील महाल भागातील चितार ओळ आज मुख्यतः मूर्तिकामासाठी ओळखली जाते.